बंदरातले ५५ दिवस

(मंडळाच्या जुलैमधील स्नेहमेळाव्यात आम्ही उभयतांनी केलेलं भाषण. कार्यकारिणीच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी जसं बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



आम्ही दोघं आज मिळूनच बोलणार आहोत. कुठलं वाक्य कोणाचं, हे इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर तुम्हाला सांगायला नको. मंडळानं विषय दिला होता ‘आमची सुट्टी’. आमच्या आधीच्या वक्त्यांनी काश्मीर सांगितलं, व्हिएतनाम सांगितलं, पडद्यावर फोटो दाखवले. आमच्याकडे फोटो आहेत, पण ते चुन्याच्या पोत्यांचे आणि उखडलेल्या शहाबादी फरश्यांचे. गोव्याची तिकिटं काढली होती, ती रद्द केली आणि अख्खा मे महिना काचीगुड्यातल्या आमच्या घरात, मेस्त्री, सुतार आणि चार नातवंडं यांच्या सोबतीनं काढला. तरीही आज आम्ही बोलणार आहोत ते एका बोटीबद्दल. घर आणि बोट यांचा संबंध काय, ते पुढे कळेल.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. दगड-चुन्याच्या भिंती, कडीपाटाचं छत, वर चुन्याचा कोबा. आजोबा नांदेडहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपल्यासारखी घरं इकडेच राहिली. ते असो. गेली सहा-सात वर्षं त्या छताच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. दर पावसाळ्याआधी आम्ही वरून कसलं तरी रसायन फासायचो आणि खाली बादली ठेवायचो. यंदा मार्चमध्ये सुताराला वर चढवलं, तेव्हा त्यानं एका तुळईत पटाशी खुपसली. ती बोटभर आत गेली.

मेस्त्री म्हणाला, “साब, घर खाली करो, पंधरा दिनाँ में कर देतौं. घर में रह को करना है तो महिना लगता.”

आम्ही महिना घेतला. नातवंडं सुट्टीला येणार हे ठरलेलं होतं, त्यांना नाही म्हणणं जिवावर आलं. शिवाय घरात आणखी एक गोष्ट होती. आमच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं की डागडुजीत पैसे घालण्यापेक्षा घर बिल्डरला द्यावं. त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या वाट्याला घराचा फक्त कागद येतो, गळती येत नाही आणि अंगणही येत नाही. दोन वर्षं आम्ही हा विषय टाळत होतो.

आता बोट. पहिल्याच आठवड्यात मुलं कंटाळली. सगळं सामान मधल्या दालनात, आठ माणसं एका खोलीत, नळ दुपारी बंद, चालताना पायाखाली खडी. मोठी नात म्हणाली, “आजी, आपण हॉटेलात का नाही जात?” तेव्हा आम्ही तिला आपल्याच हैदराबादच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. सांगता सांगता आम्हालाच ती नव्यानं कळली.

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातल्या आय.एन.एस. मांडवी या नौदलाच्या तळावरून ‘तारिणी’ नावाची शिडाची बोट निघाली. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला होती, म्हणजे आपल्या बाप्पाचं विसर्जन होऊन पाचच दिवस झाले होते. बोटीवर नौदलाच्या सहा तरुण अधिकारी होत्या. वर्तिका जोशी कप्तान, आणि सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, पायल गुप्ता, विजया देवी आणि आपल्या हैदराबादची ऐश्वर्या बोड्डपाटी. २१ मे २०१८ रोजी त्या पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परतल्या. अंतर २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४० हजार किलोमीटर. मोहिमेचं नाव ‘नाविका सागर परिक्रमा’.

ही बोट ५५ फुटांची. रुंदी जेमतेम पाच मीटर. आमच्या दालनापेक्षा थोडीशी मोठी म्हणा. त्यात सहा जणींचं झोपणं, स्वयंपाक, शिडं, दोर, औषधं, महिन्याभराचा शिधा, सगळं. दालनात आठ जण म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या नातवानं खडूनं जमिनीवर बोट आखली आणि मग गप्प बसला.

या मोहिमेचे आकडे वाचताना आम्ही एका जागी थांबलो. एकूण २५४ दिवसांपैकी १९९ दिवस त्या समुद्रात होत्या. मग उरलेले ५५ दिवस कुठे गेले? ते बंदरांत गेले. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन ही चार ठरलेली ठिकाणं. बातम्या आल्या त्या वादळांच्या, केप हॉर्नच्या, डोंगराएवढ्या लाटांच्या. या ५५ दिवसांबद्दल फारसं कोणी बोललं नाही. आम्हाला मात्र तेच जवळचे वाटले.

आधी त्यांच्या सणांचा हिशोब बघा. आम्ही जुनं कॅलेंडर काढून मुलांबरोबर लावला. २०१७ ची दिवाळी १९ ऑक्टोबरला, तारिणी फ्रीमँटलला पोचली २३ तारखेला. दिवाळी समुद्रात. त्या दिवाळीत पंतप्रधानांनी त्यांच्याशी बोलून शुभेच्छा दिल्या होत्या. लिटलटनला त्या २९ नोव्हेंबरला शिरल्या आणि १२ डिसेंबरला निघाल्या, म्हणजे सारं न्यूझीलंड नाताळच्या सुट्टीला निघायच्या बेतात असताना यांनी शिडं उभारली. नाताळ, नवं वर्ष आणि संक्रांत दक्षिण पॅसिफिकच्या थंडीत. प्रजासत्ताक दिन तेवढा पोर्ट स्टॅनलीत. केपटाउनला पोचल्या २ मार्चला, त्या दिवशी आपल्याकडे धुळवड होती. १४ मार्चला तिथून निघाल्या आणि चारच दिवसांनी पाडवा आला. सण बहुतेक पाण्यावर गेले आणि बंदरात वाट्याला आली ती दुरुस्ती.

बोट बंदराला लागली की सुट्टी सुरू होते असं आपल्याला वाटतं. लांबच्या प्रवासावरच्या शिडाच्या बोटींवर उलट असतं. धक्क्याला दोर बांधले की कामाची यादी निघते. खारं पाणी सगळीकडे शिरलेलं असतं, तेव्हा आधी गोड्या पाण्यानं सगळं धुवायचं आणि गाद्या-कपडे वाळवायचे. कोणीतरी दोराला बांधलेल्या पाळण्यात बसून डोलकाठीच्या टोकापर्यंत चढायचं. तारिणीची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे. वर जाऊन एकेक तार आणि एकेक खिळ बोटानं चाचपायची, कारण एक तार तुटली तर अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. शिडाची उसवलेली शिवण धरायची. इंजिनाचं तेल बदलायचं. विजेच्या जोडण्यांवर चढलेलं मीठ खरवडायचं. बोटीच्या पोटात साचणारं पाणी उपसणारा पंप खोलून पाहायचा. संडासाचा पंप, तो तर सगळ्यांचा नावडता. आणि हे सगळं त्याच जागेत राहून, जिथे रात्री झोपायचं आणि सकाळी चहा करायचा. एक फळी उचलली की कोणाची तरी गादी हलवावी लागते. मधल्या वेळात तिथल्या शाळांतल्या मुलांना भेटायचं आणि तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या घरी जेवायला जायचं.

यातल्या प्रत्येक बंदरानं आम्हाला काहीतरी सांगितलं, पण दोनच सांगतो.

पहिलं पोर्ट स्टॅनली. केप हॉर्नच्या वाटेवर मोडलेली जहाजं एकोणिसाव्या शतकात इथे दुरुस्तीला येत. दुरुस्ती फार महाग पडे, म्हणून कित्येक जहाजं तिथेच सोडून दिली गेली. त्यांचे सांगाडे त्या किनाऱ्यावर उरले. त्यांतलंच एक ‘ग्रेट ब्रिटन’. ब्रूनेलनं बांधलेलं, १८४३ साली ब्रिस्टलमध्ये पाण्यात उतरलेलं, एके काळी जगातलं सर्वांत मोठं जहाज. १८८६ मध्ये ते खिळखिळं होऊन स्टॅनलीत आलं. हिशोब केला तर दुरुस्ती परवडत नव्हती. मग त्याचं कोठार केलं, त्यात माल साठवू लागले. १९३७ साली ते एका खाडीत नेऊन बुडवलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९७० साली लोकांनी ते वर काढलं, अर्धी पृथ्वी ओलांडून ब्रिस्टलला नेलं आणि ज्या गोदीत ते बांधलं होतं त्याच गोदीत ठेवलं. आज ते संग्रहालय आहे.

हे वाचल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. ‘परवडत नाही’ हा हिशोब १८८६ साली ज्यांनी केला ते मूर्ख नव्हते. धाकट्या भावाचा हिशोबही तोच होता. पण परवडत नाही म्हणून ज्या जहाजाचं कोठार होतं, त्यात मग माणसं राहत नाहीत, हेही तितकंच खरं.

दुसरं मॉरिशस. हे बंदर यादीत नव्हतंच. केपटाउनहून थेट गोवा असा बेत होता. पण हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिलमध्ये तारिणीला पोर्ट लुईला वळावं लागलं. विचार करा, सात महिने झालेत, घर आता समोर आहे, घरची माणसं वाट पाहत आहेत. मे उजाडला की अरबी समुद्रात वादळं उठू लागतात आणि जूनमध्ये गोव्यावर पावसाळा येतो. अशा वेळी ‘चला, कसंबसं नेऊ’ असं वाटणं किती सोपं. त्या थांबल्या, सुकाणू दुरुस्त करून घेतलं आणि मगच निघाल्या. आमच्या गळक्या कोपऱ्याखाली आम्ही सहा वर्षं बादली ठेवत होतो. आम्हाला मॉरिशसला वळायला सहा वर्षं लागली, असं आता आमच्या घरात म्हणतात.

या सगळ्यामागे मराठी माणसंही आहेत, ते या व्यासपीठावर सांगायलाच हवं. एकट्या भारतीयानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. ते निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. पहिली बोट ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली, पुढे तारिणीही तिथेच. आणि म्हादेई घेऊन एकटे निघाले ते कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला, गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी, त्यांनी मुंबई सोडली आणि १९ मे २०१० ला ते परतले. असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे थांबे तेच चार होते आणि नऊ महिन्यांतले तीन महिन्यांहून अधिक त्यांनी बंदरांत घालवले. म्हणजे एका बंदरामागे जवळपास महिना. याच दोंद्यांनी पुढे तारिणीच्या मुलींना शिकवलं. दोंद्यांनंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. पण न थांबता जाणारी बोटसुद्धा आधी कोणीतरी नीट पाहिलेली असते.

आमच्यापैकी एकीचं माहेर अलिबागकडचं. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि झावळ्या, ताडपत्र्या घालून शाकारून ठेवतात. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. हे दिवस तसे सुट्टीचे, पण त्यातच जाळी विणायची, फळ्यांच्या फटी भरायच्या, इंजिन खोलायचं, रंग द्यायचा. मग नारळी पौर्णिमा. आणि घराच्या कौलांचीही पावसाआधी शाकारणीच होते. घर आणि होडी, दोन्हींना आपल्या भाषेत शब्द एकच. इथे हैदराबादेत आपण मरम्मत म्हणतो, एवढाच फरक.

मग आम्ही मुलांना पाळ्या लावून दिल्या. बोटीवर चोवीस तास कोणीतरी जागं असतं, तसं घरात कोणीतरी कामावर. एका वहीत रोजची नोंद. ‘आज दोन तुळया आल्या. पाणी ३ वाजता गेलं. आजोबा चिडले.’ ही शेवटची नोंद अकरा वेळा आहे, आम्ही मोजली. तारिणी केपटाउनला होती तेव्हा त्या शहरात दुष्काळ होता आणि माणशी रोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. नातवानं तो नियम आमच्या घराला लावला. पन्नास लिटर म्हणजे तीन बादल्या, आणि बोटीवर तर त्याहूनही कमी, हे कळल्यावर अंघोळीच्या तक्रारी बंद झाल्या. मेस्त्रीनं कोब्याच्या चुन्यात गूळ आणि हिरडा घातला तेव्हा धाकटी नात गूळ खायला रोज हजर. थापी धरायला ती तिथेच शिकली.

तिसऱ्या आठवड्यात धाकटा भाऊ आला. तासभर बोलून जाईन म्हणाला होता. त्याच वेळी मोठी तुळई चढवायची होती आणि एक माणूस आला नव्हता. त्यानं शर्ट काढून दोर धरला. त्या दिवशी तो जेवायला थांबला, दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन आला आणि पुढचे आठ दिवस येत राहिला. बिल्डरचा विषय त्यानंही काढला नाही, आम्हीही नाही. विषय संपला असं आम्ही म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी चपला घालताना तो एवढंच म्हणाला, “मागची न्हाणीघराची भिंत पण फुगलीये. पुढच्या मेमध्ये ती घेऊ.” तो ‘घेऊ’ म्हणाला. आम्ही दोघांनी तो शब्द नीट ऐकला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. रात्री आम्ही दोघं उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसलो. बादली सवयीनं ठेवली होती. सकाळी ती कोरडी होती.

आता आपल्या मंडळाबद्दल दोन शब्द, म्हणजे अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत ते थांबतील. आपल्या ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली आहे. तिथली तीन कपाटं आपण गेल्या वर्षी पुढे ओढली आणि मागे बादली ठेवली. हो, आम्ही पाहिलं आहे. दर सभेत ‘नवी वास्तू’ हा विषय निघतो आणि पुढच्या सभेवर जातो. नवी वास्तू होईल तेव्हा होवो, आमचा विरोध नाही. पण तोवर जिथे आपण बसतो, ती भिंत आपलीच आहे. ग्रंथालय बंद न ठेवता, पुस्तकं इकडून तिकडे हलवत हे काम करता येतं, असं आमच्या मेस्त्रीनं येऊन पाहून सांगितलं आहे. त्याला महिना लागेल.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं तिथे असू. नातवंडांची शाळा सुरू झाली असेल, पण धाकटा भाऊ येतो म्हणाला आहे. कपाटं जड आहेत, चार-सहा हात लागतील. मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्हाला वही आणि पाळ्या लावायचं काम देऊ. चहा आणि पोह्यांची व्यवस्था आमच्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!